निवेराचे हात

काचीगुडा, हैदराबाद
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय त्रिवेणी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधी हे लिहितो की इथं सगळे जिवंत आहेत. तुझ्या वहिनीचे, तारामतीचे गुडघे होते तसेच आहेत. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, डाव्याचं संक्रांतीनंतर करू म्हणतात. आता तू म्हणशील, मग फोन करायचा सोडून भाऊला पत्र कशाला सुचलं. फोनवर तू "हं, बरं, ठेवू का" एवढंच बोलतेस आणि मीही पाऊस, भाजी, गुडघे यांच्या पुढे जात नाही. शिवाय फोन लावून द्यायला नात लागते, आणि ही सायली शेजारी उभी राहून सगळं ऐकते. तिला मराठी वाचता येत नाही, ऐकायला मात्र बराबर येतं. म्हणून लिहायला बसलो. दोन-तीन कागद फाडले. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, पुढे सगळा जन्म अफझलगंजच्या दुकानात दोर आणि ताडपत्र्या विकण्यात गेला. तिथं लिहायचं काम दुसऱ्याचं होतं. दादा म्हणायचा, "नामा, तुझी वाक्यं मालगाडीसारखी असतात. डबे बघता बघता माणूस इंजिन विसरतो." इंजिन कुठं आहे ते मलाही या वेळी नीट कळत नाही. तू जरा धीरानं वाच.

गोष्ट आपल्या गल्लीकडच्या भिंतीची आहे. हो, तीच भिंत. तू इथंच पत्राची घडी घालशील अशी मला भीती वाटते. घालू नकोस. वाचवत नसेल तर एकनाथरावांना दे, त्यांना माझा नमस्कारही सांग. सौरभ घरी आला असेल तर त्याला वाचू दे. त्याला मामाच्या घरातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून मी पहिल्यापासून लिहितो. फक्त शेवटचा कागद तू स्वतः वाच.

यंदाच्या पावसात भिंतीनं पोट काढलं. गवंडी आला, त्यानं नुसती थाप मारली तर आतून माती गळल्याचा आवाज आला. म्हणाला, जुन्या चुन्याची भिंत आहे, बिस्किटासारखी झाली आहे, कोणाच्या अंगावर पडायच्या आत उतरवून घ्या. मी लगेच हो म्हणालो असतो. पण या गल्लीत ती भिंत आपली राहिलेली नाही. कोपऱ्यावर फ्लेक्सचं दुकान आहे ना, त्या यादगिरीनं पाच-सहा जण गोळा केले आणि ठरवून टाकलं, की दसऱ्याच्या दिवशी नारळ फोडून भिंत उतरवायची आणि तिथंच भिंतीवरच्या अम्माचं लहानसं देऊळ बांधायचं. दगडाची मूर्ती, चांदीचे डोळे, वर शिखर. शिल्पीही ठरवला. तो श्रावणातच येऊन भिंतीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, चेहऱ्यावर बायकांच्या हळदकुंकवाशिवाय मला काही दिसत नाही, चेहरा कसा होता ते तरी दाखवा, एखादा फोटो द्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोटो माझ्या ट्रंकेत आहे. तुझ्या लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. मी म्हणालो, शोधतो.

यादगिरी माणूस चांगला आहे, पण त्याला सगळं पक्कं लागतं. परवा दारात येऊन म्हणाला, "काकासाब, अम्मा किसकी बेटी है बोलो ना, पत्थर पे लिखाना है." माझ्या तोंडात आलं होतं, आपल्या तात्यांची. कसंबसं गिळलं. मग विचारलं, गोत्र काय, वार कोणता, मुर्गी चलती क्या नहीं. मी घाईनं म्हणालो, मुर्गी नक्को, नारळावर भागतं. तो मान डोलावून गेला आणि मी दिवसभर परेशान. देवीला काय चालतं न चालतं हे मी कोणत्या अधिकारानं सांगितलं? आणि जी देवी नाहीच, तिला नारळ तरी चालतो का?

सौरभसाठी लिहितो. आमचा सगळ्यांत मोठा भाऊ माधव, म्हणजे दादा, शाळेत ड्रॉइंग मास्तर होता आणि कविता करायचा. साध्या नाहीत. त्यानं स्वतःचं अख्खं पुराण रचलं होतं, त्यातले देव कोणत्याही पोथीत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून तो मला ते म्हणून दाखवायचा, कारण दुसरं कोणी बसायचं नाही. मला त्यातलं निम्मं कळायचं, निम्म्याची भीती वाटायची. सगळ्याच्या आधी नुसती एक हाक होती, असं सुरू व्हायचं. हाक होती आणि ऐकणारं कोणी नव्हतं. त्या हाकेतून दोघं झाले. एक आडोर नावाचा म्हातारा, तो दिसेल ते मुठीत धरायचा. नदी धरली, ऊन धरलं, मेलेली माणसंसुद्धा धरून ठेवली, कोणाला पुढे जाऊ देईना. सगळं जग थिजून गेलं. दुसरी निवेरा. तिनं त्याची मूठ उघडली, एकेक बोट करून. एका बोटाखालून पाणी सुटलं, एकाखालून दिवस सुटला, एकाखालून श्वास. शेवटचं बोट उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपणही त्याच मुठीत होतो, आणि ती स्वतःच सुटली. तेव्हापासून तिला घर नाही. तिचे हात कायमचे रिकामे, कारण त्यात काही ठेवलं की ती ते सोडून देते. आणि तिला हाक मारायची नाही. हाक मारली की ती लांब जाते. दादा म्हणायचा, "हाक म्हणजेसुद्धा मूठच, नामा." मी विचारलं होतं, निवेराचा अर्थ काय. तर म्हणाला, अर्थ नाही, ती नावासकटच आली.

ती भिंतीवर आली माझ्यामुळे. स्टेशनाकडून येणारे लोक आपल्या भिंतीशी उभे राहून नको ते करायचे, तुला आठवतं ना, उन्हाळ्यात ओट्यावर बसवत नव्हतं. शेजारच्यानं त्याच्या भिंतीवर मारुती काढून घेतला आणि त्याची भिंत कोरडी झाली. मी दादाच्या मागे लागलो, तूही एखादा देव काढ. दादा भडकला. "देवांना मुतारीवर पहारा करायला बसवू?" आठवडाभर बोलला नाही. मग एका रविवारी रेल्वेच्या डब्यांना लावतात तसल्या ऑइल पेंटचे डबे घेऊन आला आणि म्हणाला, "माझी माणसं उभी करतो. त्यांना घाणीची सवय आहे." तुझं लग्न ठरलेलं होतं. तू ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होतीस. "त्रिवेणी, हलू नकोस," एवढंच म्हणाला. आभाळी लुगडं, मोकळे केस, पुढे धरलेली रिकामी ओंजळ, आणि चेहरा तुझा. तू कंबरेवर हात ठेवून भांडलीस, "दादा, माझं नाक एवढं आहे का?" तर म्हणे, निवेराला श्वास जास्त लागतो. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आपल्या घरात सगळे एकदम हसल्याचं मला आठवतं ते हेच.

भिंत कोरडी झाली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मल्लम्मा तिथं फुलांची टोपली घेऊन बसायची. तिला वाटलं, एवढी बाई उभी आहे आणि कपाळ मोकळं. तिनं कुंकू लावलं, नाव विचारलं. दादानं सांगितलं निवेरा. संध्याकाळपर्यंत निवेरम्मा झाली. मल्लम्माच्या नातवाचा ताप उतरला, मग दुसऱ्या कोणाचा नवरा परत आला, मग आषाढात बोनालूच्या सणाला बायका डोक्यावर घट घेऊन आधी आपल्या भिंतीपुढे थांबायला लागल्या. "चल्लगा चूडु तल्ली," म्हणजे गार नजरेनं बघ, आई. मी आतून ऐकायचो आणि मला घाम फुटायचा. कारण दादाचं पुराण खरं धरलं तर हाक मारली की ती लांब जाते. आणि इथं तर अख्खी गल्ली ढोल वाजवून हाका मारते आहे! हे त्यांना सांगावं का? सांगितलं तर मी वेडा, आणि न सांगावं तर यांचं नुकसान माझ्या डोक्यावर. दादाला विचारलं, तर म्हणाला, "लांब जाते म्हणजे नसते असं नाही." याचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही. तुला लागला तर कळव.

मध्यंतरी पुण्याहून वृषाली नावाच्या प्राध्यापक बाईंचा फोन आला होता. दादाच्या कवितांवर त्या काहीतरी मोठं लिहीत आहेत. दादा गेल्यावर त्याचं कौतुक करणारी माणसं निघाली, तो असताना ती कुठं होती कोण जाणे. त्या म्हणाल्या, निवेरा हे मुक्तीचं प्रतीक आहे, रिकाम्या हातांची अशी स्त्री दुसऱ्या कोणत्या कवीनं उभी केलेली नाही, तिचे हात कवितेत एकदाही भरत नाहीत ही केवढी मोठी गोष्ट आहे. मी म्हणालो, हो बाई, ती आमच्या भिंतीवर आहे, तिला पुढच्या महिन्यात चांदीचे डोळे बसवणार आहेत. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, तुमच्यातही कवी आहे. तारामतीला हे सांगितलं तर ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "प्रतीक कसलं आणि अम्मा कसली! माझी नणंद आहे ती. माझ्या लग्नात विहिणीच्या पंक्तीत जिलबी गार वाढली म्हणून हिनंच ताट सरकवलं होतं." आता तूच सांग, तिघांतलं कोणाचं खरं धरू?

कबूल करायला लाज वाटते, पण डोळ्याच्या ऑपरेशनला निघताना रिक्षात बसायच्या आधी मीही भिंतीपुढे उभा राहिलो. हात जोडायचे की नाही कळेना. तू माझ्यापेक्षा लहान, तुला मी नमस्कार कसा करू? शेवटी नुसतं म्हणालो, येतो गं. ऑपरेशन छान झालं. आता हे मी डॉक्टरांच्या नावावर मांडू की तुझ्या?

आणि एक तुला कधी सांगितलं नाही. भाऊबीजेला तू येत नाहीस, ते आता किती वर्षं झालं. पहिल्या वर्षी ओवाळणीची साडी आणून ठेवली होती. तू आली नाहीस, दुकानदार परत घेईना, घरात ठेवली तर आई रडायची. मी ती सकाळीच भिंतीपुढे घडी करून ठेवली आणि दुकानात निघून गेलो. पुढच्या वर्षी पुन्हा ठेवली. गल्लीतल्या बायकांना वाटलं, मराठे लोकांमध्ये या दिवशी अम्माला साडी देतात. तेलुगू लोकांतही त्या दिवशी भाऊ बहिणीच्या हातचं जेवतो, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. आता भाऊबीजेला आपल्या दारात रांग लागते, गल्लीतले पुरुष साड्या घेऊन येतात. यादगिरीनं मला वार विचारला आणि उत्तर स्वतःच दिलं, "अम्मा का दिन तो दिवाली की दूज है, वो हमकू मालूम." एका रिकाम्या पाटाचा सण झाला.

दादाचं मात्र मला काही उलगडायचं नाही. तो या सगळ्याची थट्टा करायचा. बायका गेल्या की म्हणायचा, "निवेराला लाच चालली आहे." कोणी ओंजळीत फूल खोचलं तर ओरडायचा, तिचे हात रिकामे राहू द्या, नाहीतर ती निवेरा नाही. आणि हाच माणूस पुढे दर शुक्रवारी अंघोळ करून वाटीत हळद कालवायचा आणि स्वतः भिंतीला थापायचा. चेहऱ्याला नाही, पायांना नाही, फक्त हातांवर. जाड, पोळीएवढी. पावसानं धुतली तर छत्री धरून पुन्हा थापायचा. पत्र्याचं छपरूही त्यानंच घातलं. मी एकदा विचारलं, दादा, तुझा विश्वास बसला का? तो म्हणाला, "तू दोर वीक." शेवटच्या आजारपणात त्याला उठवत नव्हतं तर मला पाठवायचा, "हातांना लावलीस का?" मी लावत आलो. का लावतो ते न कळता, अगदी या पावसापर्यंत. तुला दादा गेल्याचं कळवलं तेव्हा तू म्हणालीस, माझ्याच्यानं त्या दारातून आत यायला होणार नाही. मी रागावलो नव्हतो. तारामती थोडी रागावली होती. तीही आता रागावलेली नाही.

हा पुढचा कागद तूच वाच. सौरभ, बाळ, आईला दे.

त्रिवेणी, त्या वर्षीचं मी कधी बोललो नाही. आईनंही नाही. पहिलं बाळंतपण म्हणून तू माहेरी आली होतीस, आईनं तिच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून दुपटं शिवलं होतं, हिरवं, मधे पिवळे चौकोन, कडेनं लाल कापड, एका कडेला ते कमी पडलं म्हणून तात्यांच्या सदऱ्याची पट्टी लावलेली. दवाखान्यातून तुला रिक्षानं आणलं तेव्हा ते दुपटं आईच्या पिशवीत घडीच्या घडी होतं. पिशवी माझ्या हातात होती. कोणाची चूक नव्हती, डॉक्टरीणबाईही रडल्या होत्या. आणि रिक्षा दारात थांबली तर भिंतीपुढे बायका होत्या. तेव्हा नुकतंच कोणाला तरी दिवस गेले होते आणि मूल मागायला बायका छोटे लाकडी पाळणे आणून टांगत होत्या. तुझ्या चेहऱ्याच्या खाली, त्या ओंजळीजवळ. तू रिक्षातून उतरून ते बघत उभी राहिलीस. किती वेळ ते मला माहीत नाही. मग दादाकडे वळून म्हणालीस, "माझ्याकडे मागतायत, दादा. माझ्याकडे!" त्याच आठवड्यात तू एकनाथरावांबरोबर परभणीला गेलीस. निघताना चहाही घेतला नाहीस. दादानं पाळणे सगळे काढून टाकले, बायकांशी भांडला, पुन्हा कोणाला टांगू दिले नाहीत. पण तू काही आली नाहीस.

तू गेलीस त्या आठवड्यात आषाढातला रविवार होता, सगळी गल्ली बोनालूला देवळाकडे गेली होती. मी दुकानातून घरी आलो तर टर्पेंटाइनचा वास. दादाच्या नखांत रंग होता. म्हणाला, फाटक रंगवलं. फाटक तर तसंच गंजलेलं होतं. मी विचारलं नाही. त्याला विचारून काही कळायचं नाही, हे मला तोवर कळलं होतं.

आता इंजिनाकडे येतो. गणपती बसायच्या आधी दोन दिवस धो धो पाऊस झाला. सकाळी मी हळदीची वाटी घेऊन गेलो, तर भिंत फुगल्यामुळे हातांवरचा सगळा थर सुटून खाली पडला होता. वर्षानुवर्षांची हळद, तेल, दादाची आणि माझी, खापरीसारखी. आणि खालचा रंग काल लावल्यासारखा ताजा. त्रिवेणी, तिचे हात रिकामे नाहीत. ओंजळ मिटवून त्यानं पुन्हा रंगवली आहे. आता दोन्ही हात छातीशी घेतलेले आहेत आणि त्यात तान्हं बाळ आहे. डोळे मिटलेलं. झोपलेलं आहे की कसं, ते मी ठरवू शकलो नाही. अंगावर हिरवं दुपटं, मधे पिवळे चौकोन, आणि एका कडेला तात्यांच्या सदऱ्याची पट्टी. मला चष्म्याशिवायही ओळखू आली. ज्या माणसानं जन्मभर म्हटलं की तिच्या हातात काही ठेवलं तर ती निवेरा नाही, त्यानंच हे केलं. मग कोणाला दिसू नये म्हणून जन्मभर स्वतःच्या हातानं झाकत राहिला. ते बाळ त्यानं पाहिलंही नव्हतं. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात तुझ्याजवळ फक्त आई होती.

मी तसाच आत पळालो, पलंगावरची सोलापुरी चादर ओढली आणि खिळे मारून भिंतीवर अडकवली. तारामती अजून त्या चादरीसाठी बोलते, ती नवी होती. तिलाही मी आतलं दाखवलेलं नाही. यादगिरी रोज विचारतो, "काकासाब, परदा कायकू?" मी म्हणतो, अम्माची तब्येत बरी नाही. हे बोलायला नको होतं. आता बायका म्हणतात, अम्मा रुसली आहे, आणि चादरीलाच हळदकुंकू लावायला लागल्या आहेत. लोक चादरीपुढे नारळ ठेवतात! चादर बाजूला केली तर काय होईल ते मला दिसतं आहे. अम्माच्या हातात रातोरात बाळ आलं म्हणतील, टीव्हीवाले येतील, पाळणे पुन्हा येतील, शिल्पी मूर्तीच्या हातात दगडाचं बाळ देईल आणि ते सगळ्यांचं होईल. ते सगळ्यांचं व्हावं का? मल्लम्माची सून परवा चादरीला डोकं टेकून रडत होती, तेव्हा मला वाटलं, व्हावं. मग रात्रभर वाटलं, ते तुझं आहे, मी कोण देणारा. गवंड्याला विचारलं, एवढा तुकडा कापून निघेल का, तर म्हणाला, हात लावला की भुगा होईल. सायलीला सांगून फोटो काढून तुला पाठवायचंही मनात आलं, पण ते सुप्रभातच्या फुलांमध्ये तुझ्या फोनवर येऊन पडावं, हे मला बघवेना. शिवाय एकदा फोनात गेलं की गल्लीत गेलंच.

म्हणून हे पत्र. दसऱ्याला भिंत उतरणार, ते आता थांबत नाही. त्याआधी चादर काढायची की चादरीसकट सगळं खाली घ्यायचं, शिल्प्याला फोटो द्यायचा की हरवला म्हणायचं, दगडातल्या बाईचे हात भरलेले ठेवायचे की रिकामे, यातलं काही मला ठरवता येत नाही, आणि ते माझं ठरवायचंही नाही. तुझ्याकडून उत्तर आलं नाही तर मी चादर काढणार नाही, एवढंच ठरवलं आहे. तू ये, असं मी लिहीत नाही. दादानं शिकवलेलं एवढं एकच मला पाठ आहे, की हाक मारली की ती लांब जाते. फक्त कळवून ठेवतो, की परभणीहून येणारी गाडी पहाटे काचीगुड्याला लागते, आणि त्या वेळी गल्लीत चिटपाखरू नसतं. खिळे मी हातानं निघतील असेच मारले आहेत. आईचं दुपटं तिच्या ट्रंकेत आहे, ते उन्हात घालून ठेवलं आहे. फाटकाला मी कुलूप लावत नाही.

तुझाच,
भाऊ